ठिपका लेझरचा, भरवसा सेलचा : पोकळ कातकामातल्या एका वादाची पार्श्वभूमी

जगातला पहिला लेझर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत चमकला. लेथवर फिरणाऱ्या पोकळ भांड्याच्या अंगावर, आतून कोरताना भिंत किती उरली ते दाखवणारा त्याचा ठिपका पडायला मात्र आणखी साडेतीन दशकं जावी लागली. लेझर महाग होता म्हणून उशीर झाला, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी पीळ न खाणारं हत्यार यावं लागलं, मग स्वस्त लाल डायोड, म्हणजे अर्धवाहकाचा चिमुकला लेझर, यावा लागला. हे दोन्ही आल्यावरही ठिपका तासभर एकसारखा पेटता कसा ठेवायचा, हा प्रश्न उरलाच. आज कुणी नव्याने लेझर बसवायला घेतं तेव्हा चर्चा रंगते ती लाल की हिरवा यावर. काम अडतं ते मात्र विजेपाशी : ती सेलमधून घ्यावी की अडॅप्टरमधून.

लाकूड कातणं आपल्याला नवं नाही. कातारी हा शब्द त्याच धंद्यातला, आणि ‘कातीव चेहरा’ म्हणतो त्यातला कातीवही लेथवरचाच. पण लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब ही सगळी भरीव कामं. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सनीच्या दरबारात हस्तिदंताचे एकात एक पोकळ गोळे कातले जात, ते ड्रेस्डेनला आजही बघायला मिळतात. पण लेझरचा धागा तिथून येत नाही. तो येतो १९७०च्या दशकातल्या अमेरिकेतून. तिथल्या काही कलावंत काताऱ्यांनी लहान तोंडाची, फुगीर पोटाची भांडी वाकड्या टोकाच्या हत्यारांनी आतून कोरायला सुरुवात केली. ओंडका अखंड ठेवायचा, दोन बोटं जेमतेम जातील एवढं तोंड ठेवायचं आणि सगळं पोट त्या तोंडातून रिकामं करायचं.

हे काम आंधळं. पातं दिसत नाही, भिंत दिसत नाही. जाडी ओळखायची ती कानाने, कारण भिंत पातळ होत गेली की कापण्याचा आवाज बदलतो. ओलं लाकूड अगदी पातळ कातणारे बाहेरून दिवा लावून आत झिरपणाऱ्या उजेडावरून अंदाज घेत. बाकीच्यांची भिस्त तारेवर असे. जाड तार वाकवून तिचं एक टोक आत, एक बाहेर. आतलं टोक भिंतीला टेकवलं की बाहेरच्या टोकाजवळ किती फट राहते, ते बघायचं. त्यासाठी दर वेळी लेथ बंद करा, आत अडकलेल्या ढलप्या काढा, मापा, पुन्हा सुरू करा. एका भांड्याला हे पन्नास वेळा होई आणि एक्कावन्नाव्यांदा मापायच्या आधीच पातं बाहेर येई. त्या आवाजानंतर लेथघरात किती शांतता पसरते, हे ज्याने ऐकलं आहे त्याला लेझरचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

मग लेझर तेव्हाच का आला नाही? कारण हत्यार हातात होतं. वाकडं टोक दांड्याच्या मधल्या रेषेपासून बाजूला असतं, त्यामुळे लाकडाचा दाब दांड्याला पिळतो. टूलरेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधारापासून, टोक जितकं आत, तितका मनगटावर येणारा जोर जास्त. असा पीळ खाणाऱ्या दांड्यावर लेझर बसवला तर मनगट जरा फिरताच ठिपका भलतीकडेच जाणार. ही अडचण दांडा जखडण्याच्या पद्धतीने सुटली. आधी कोपराला आधार देणारे लांब दांडे आले. नंतर मागची मूठ दोन समांतर सळयांच्या चौकटीत अडकवली गेली, म्हणजे दांडा पुढेमागे आणि आडवा सरकतो, पण फिरत नाही आणि वरखाली होत नाही. पुढे सांध्यांचे, माणसाच्या हातासारखे दुमडणारे आर्मही आले. या जखडलेल्या दांड्याने मनगटं वाचवली, तेच त्याचं काम होतं. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट आपसूक घडली. आतलं टोक आणि बाहेरचा दांडा यांचं नातं पक्कं झालं, आणि आतलं बाहेर दाखवता येण्याची सोय झाली.

दरम्यान लेझर आपल्या वाटेने लहान होत होता. हेलियम-निऑनच्या नळीला हजार व्होल्टच्या वर दाब लागे. ती दांड्यावर बसण्यातली नव्हती. अर्धवाहकाचा लेझर १९६२ मध्येच झाला होता, पण तो द्रवरूप नायट्रोजनच्या गारव्यात चाले. साध्या तापमानाला सलग चालणारा डायोड १९७० मध्ये आला. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तिच्यातला डायोड ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. डोळ्याला नीट दिसणारे लाल डायोड ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मिळू लागले आणि नव्वदच्या दशकात किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचे पॉइंटर फुटपाथवर आले. जखडलेला दांडा आणि स्वस्त पॉइंटर यांची गाठ तिथे पडली.

रचना आजही तीच आहे. दांड्याला एक उभा खांब, त्याच्यावर आडवा हात, हाताच्या टोकाला खाली बघणारा लेझर. पात्याचं टोक आणि ठिपका यांत जेवढं आडवं अंतर ठेवाल, तेवढी भिंत. ठिपका टोकाच्या ६ मिलिमीटर पलीकडे लावला, तर आतून कापताना तो भांड्याच्या बाहेरच्या अंगावर दिसत राहतो, हळूहळू कडेकडे सरकतो आणि भिंत ६ मिलिमीटरवर आली की कडेवरून घसरून नाहीसा होतो. ठिपका गेला की थांबायचं. किरण ओळंब्यात हवा, नाहीतर ठिपका खोटं बोलतो. खांद्याशी आणि पोटाशी भिंतीची दिशा वेगळी असते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर ठिपका टोकाभोवती फिरवून पुन्हा लावावा लागतो. ठिपक्याचा आकारही बघायचा. स्वस्त लेझरचा ठिपका ३ मिलिमीटरचा असेल तर ६ मिलिमीटरच्या भिंतीत नेमकं कुठे थांबायचं, हे कळतच नाही. भिंग पुढेमागे करून हाताच्या उंचीवर ठिपका बारीक करता येईल असाच लेझर घ्यावा. रेघ किंवा फुली पाडणारे लेझरही मिळतात, पण त्यांचा उजेड पसरतो आणि भिंत दाखवायला ठिपकाच पुरतो.

पहिली जोडणी पॉइंटरची होती. पॉइंटरचं बटण सतत दाबून ठेवावं लागतं, म्हणून त्याच्यावर पाइपची क्लिप आवळायची. क्लिप सैल केली की लेझर बंद. ही युक्ती कितीतरी लेथवर दिसे. पण पॉइंटर बनला होता फळ्यावर पाच सेकंद बोट दाखवायला. त्यात तीन बटण सेल, आणि अशा एका सेलची क्षमता साधारण १२० मिलिअँपिअर-तास. लाल लेझर २५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. कागदावर पाच तासही भरत नाहीत, आणि प्रत्यक्षात सेलचा दाब आधीच पडत असल्याने तासा-दोन तासांत ठिपका विटकरी होतो. म्हणून पॉइंटर मागे पडला आणि दोन तारा बाहेर आलेलं, पितळी नळीतलं नुसतं लेझरचं मॉड्यूल आलं. वीज कुठूनही द्या. इथून भांडण सुरू झालं.

त्या भांडणाच्या मुळाशी मॉड्यूलवरचा एक छापील आकडा आहे : ‘३–५ व्होल्ट’. याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात आणि विकणारा कोणता ते सांगत नाही. चांगल्या मॉड्यूलमध्ये एक बारीक सर्किट असतं. डायोडच्या पाठीमागचा फोटोडायोड उजेड मोजतो आणि सर्किट विद्युतप्रवाह कमीजास्त करून तो तेवढाच ठेवतं. तिथे ३–५ व्होल्ट म्हणजे यातलं काहीही द्या, उजेड सारखाच. स्वस्त मॉड्यूलमध्ये एवढुसा रेझिस्टर असतो, बस. तिथे ३ व्होल्टला ठिपका फिका आणि ५ व्होल्टला डायोड आपल्या मर्यादेपलीकडे. आकड्याचा अर्थ एवढाच की या पट्ट्यात तो लगेच मरत नाही. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. ओळखायची सोपी रीत आहे. आधी दोन पेन्सिल सेल लावा, मग तीन. ठिपका लक्षात येण्याइतका उजळला तर आत रेझिस्टरच आहे, त्याला ५ व्होल्ट देऊ नका.

अडॅप्टरवाल्यांचं म्हणणं सरळ होतं : भिंतीतली वीज संपत नाही. पण २००० च्या आसपास घराघरांत पडलेले जुने जड अडॅप्टर नियंत्रित नव्हते. त्यांच्यावर लिहिलेले ४.५ व्होल्ट पूर्ण भार घेतल्यावरचे. २५ मिलिअँपिअर म्हणजे त्यांना काहीच नाही, तेव्हा बाहेर सहा-सात व्होल्ट येत. लेझर डायोडला असा मार सोसत नाही. तो फ्यूजसारखा उडत नाही. मंद लाल दिवा होऊन राहतो आणि पुन्हा कधीच टोकदार ठिपका देत नाही. ‘चिनी माल टिकत नाही’ म्हणून जेवढी मॉड्यूल कचऱ्यात गेली, त्यातली बरीचशी अडॅप्टरने मारली होती असं माझं ठाम मत आहे. दुसरं एक दुखणं पितळी नळीचं. बऱ्याच मॉड्यूलमध्ये नळी धन टोकाला जोडलेली असते. ती पोलादी दांड्याला लागली, दांडा लेथला, लेथ अर्थिंगला; आणि वीज संगणकाच्या यूएसबीतून घेतली असेल, जिथे ऋण टोक अर्थला असतं, तर थेट शॉर्ट. मॉड्यूल लाकडी ठोकळ्यात बसवलं की हा प्रश्न मिटतो, आणि लाकडी ठोकळा आपल्याकडे नसेल तर कुणाकडे असणार!

मोबाइलचे नियंत्रित चार्जर आले तशी अडॅप्टरची बाजू भक्कम झाली. सर्किट असलेल्या मॉड्यूलला स्वच्छ ५ व्होल्ट मिळतात, यात वाद नाही. उरली ती तार. फिरत्या ओंडक्याशेजारून लोंबणारी तार हा धोका आहे, आणि ती दांड्याला कितीही बांधली तरी दांडा पुढेमागे होतच राहतो. मग मधला मार्ग म्हणून पॉवरबँक आली. त्या मार्गाचा माझा अनुभव इथे सांगायलाच हवा. शिसवाचं एक भांडं, भिंत ६ वर लावलेली. खांद्याखाली उतरलो आणि ठिपका गेला. थांबलो, ढलप्या काढल्या, कॅलिपर घातला तर भिंत ११. पुन्हा लेझर लावला, ठिपका आला, अर्ध्या मिनिटाने पुन्हा गेला. तीनदा असं झाल्यावर लक्षात आलं की पॉवरबँकच बंद पडते आहे. तिला वाटतं फोन भरला. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी प्रवाह ओढला गेला की बहुतेक पॉवरबँका स्वतःला बंद करतात, आणि २५ मिलिअँपिअर त्या मर्यादेच्या खूप खाली.

या प्रसंगाने मला सेलच्या बाजूला कायमचं नेलं, आणि त्याचं कारण सोय हे नाही. या यंत्रात ‘थांब’ ही खूण म्हणजे उजेडाचं नसणं. वीज गेली तरी तीच खूण. म्हणजे चूक झाली तरी ती भांडं वाचवणारी होते, हे चांगलंच. पण दहा वेळा खोटी खूण मिळालेला माणूस अकराव्या वेळी ‘पुन्हा वीजच गेली असेल’ म्हणून कापत राहतो. म्हणून पुरवठ्याबद्दल शंकाच उरता कामा नये. दांड्याच्या मागच्या टोकाला तीन पेन्सिल सेलचा डबा, त्याला साधा स्विच, आणि डब्यापासून लेझरपर्यंत दांड्याला चिकटून गेलेली तार. अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तासांच्या वर असते, म्हणजे २५ मिलिअँपिअरने सत्तर-ऐंशी तास. रिचार्जेबल तीन घेतले तर ३.६ व्होल्ट, दोन्ही जातींच्या मॉड्यूलला मानवणारे, आणि जवळजवळ शेवटपर्यंत सपाट. दोन सेलचा डबा घेऊ नये. लाल डायोडलाच दोन-सव्वादोन व्होल्ट लागतात, वर सर्किटचा हिस्सा, त्यामुळे सेल अर्धे भरलेले असतानाच ठिपका कोमेजतो. डब्याची स्प्रिंग कडक बघून घ्यावी, कारण लेथच्या थरथरीने ढिला सेल क्षणभर सुटतो.

रंगाकडे आता थोडक्यात. डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरला सर्वांत तीक्ष्ण. तेवढ्याच शक्तीचा ६३५चा लाल ठिपका ६५०च्या लाल ठिपक्याच्या दुप्पट उजळ वाटतो आणि ५३२चा हिरवा साधारण आठपट. शिसवासारख्या काळसर लाकडावर हा फरक जाणवतो. पण २००० नंतर आलेले ५३२चे हिरवे लेझर मुळात अवरक्त ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने एक स्फटिक चेतवून, त्यातून निघणाऱ्या १०६४ची तरंगलांबी दुसऱ्या स्फटिकात निम्मी करून चालतात. ते दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढतात, थंडीत मंदावतात, आणि स्वस्तात अवरक्त गाळणी नसते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी मापन संस्थेने तपासलेल्या १० मिलिवॅटच्या एका हिरव्या पॉइंटरमधून जवळजवळ २० मिलिवॅट न दिसणारा किरण निघत होता. लाकूड पकडणारा चकाकता चक जवळच फिरत असताना हे नको. नंतर थेट हिरवा उजेड देणारे ५२० नॅनोमीटरचे डायोड आले, त्यांना ही अडचण नाही. पण त्यांना दाब जास्त लागतो, तीन रिचार्जेबल सेल पुरत नाहीत. लाल ६३५ आणि १ मिलिवॅट ही जोडी अजूनही सर्वांत शहाणी. ५ मिलिवॅटने ठिपका बारीक होत नाही, फक्त भगभगतो.

गेल्या दशकभरात ठिपक्याची जागा कॅमेरा घेऊ लागला आहे. आडव्या हातावर लेझरऐवजी कॅमेरा, लेथमागे पडदा, आणि पडद्यावर मार्करने आखलेली पात्याची आकृती. तिच्याभोवती हव्या त्या भिंतीएवढी रेघ ओढली की सगळ्या बाजू एकदम दिसतात, खांद्यापाशी पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही. कॅमेरा आणि पडदा मिळून पुरेसा प्रवाह ओढतात, त्यामुळे पॉवरबँकही आता झोपत नाही. कॅमेऱ्यासाठी लेथपाशी ५ व्होल्टची तार आलीच आहे म्हटल्यावर जुना लेझरही तिलाच जोडला जातो, आणि ‘३–५ व्होल्ट’ लिहिलेलं रेझिस्टरवालं मॉड्यूल चार दिवसांत मंद लाल दिवा होऊन बसतं.