क्यूआर आहे, पण सही आहे का?

हलाल प्रमाणपत्रावर क्यूआर कोड छापलेला आहे, मोबाइलने स्कॅन केला की हिरवी बरोबरची खूण येते, म्हणजे प्रमाणपत्र अस्सल, ही समजूत ऑनलाइन व्यापारात चांगलीच रुजली आहे. नाशिकहून बेदाणा, कांदा पावडर, टोमॅटो प्युरी आखाती देशांत आणि आग्नेय आशियात पाठवणाऱ्यांना ती परवडणारी नाही. इंडोनेशियाने २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने हलाल प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि आयात खाद्यपेयांसाठी त्याची शेवटची मुदत १७ ऑक्टोबर २०२६ ठेवली. परदेशी प्रमाणपत्र तिथल्या बीपीजेपीएच या सरकारी संस्थेच्या ‘सीहलाल’ या संगणक प्रणालीत नोंदवावे लागते. खरेदीदार कोणी का असेना, कागदाची पहिली तपासणी आता पडद्यावर होते.

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर, त्यापलीकडे काही नाही. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या सर्वात दणकट प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर परत मिळवता येतो. ही सोय डागांपासून वाचवते, लबाडीपासून नाही. बहुतेक कोडमध्ये फक्त एक वेबपत्ता असतो. बनावट प्रमाणपत्र करणारा स्वतःचे पान तयार करतो, पत्त्यात इंग्रजी ‘एल’च्या जागी १ हा आकडा घालतो आणि त्या पानावर हवी तेवढी हिरवी खूण काढतो. खूण कोणी दाखवली हे न पाहता तिच्यावर विश्वास ठेवणे म्हणजे आरोपीलाच त्याचा साक्षीदार निवडू देणे.

यावर पटकन सुचणारा उपाय असा की कागद सोडा, माल प्रयोगशाळेत तपासा. तो कुठे चालतो आणि कुठे अडतो, हे बेदाण्याच्या शेडवर सर्वात चांगले दिसते.

ताज्या द्राक्षाबद्दल हलालचा प्रश्नच येत नाही. तो प्रक्रियेपासून सुरू होतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचे बारीक पापुद्रे असतात आणि ते आतले पाणी बाहेर पडू देत नाहीत. नुसते पसरून ठेवले तर घड सुकायला चार-पाच आठवडे लागतात आणि मणी काळपट पडतो. म्हणून १०० लिटर पाण्यात सुमारे अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट विरघळवतात, मग ढवळत ढवळत दीड लिटर डिपिंग ऑइल ओततात आणि त्या द्रावणात घड दोन ते चार मिनिटे बुडवतात. मेणाचे पापुद्रे सैल होतात, पाण्याला वाट मिळते आणि शेडमधल्या जाळीवर साधारण पंधरवड्यात माल तयार होतो. तेल नीट मिसळले नाही तर ते वर तरंगते. मग एकाच क्रेटमधले काही घड हिरवट-पिवळे राहतात आणि काही तपकिरी पडतात.

डिपिंग ऑइलचा मुख्य घटक एथिल ओलिएट. तो ओलिक आम्ल आणि एथिल अल्कोहोल यांच्यापासून बनतो. ओलिक आम्ल वनस्पती तेलातून निघते, तसेच जनावरांच्या चरबीतूनही निघते. खरेदीदाराचा प्रश्न इथेच येतो: तुमच्या तेलातले ओलिक कशातून आले? अल्कोहोलचे रूपांतर होऊन दुसराच पदार्थ तयार झाल्यावर त्याचे काय, यावर इस्लामी धर्मशास्त्राच्या वेगवेगळ्या परंपरांची मते वेगवेगळी आहेत. तो निर्णय त्या अभ्यासकांनी करायचा. उत्पादकाने उगम लपवायचा नाही, एवढे त्याच्या हातात आहे. कांदा पावडरीचेही असेच आहे. गाठी होऊ नयेत म्हणून सिलिका वापरली तर ती खनिज आहे आणि विषय संपतो. कॅल्शियम स्टिअरेट वापरले तर स्टिअरिक आम्लाचा उगम सांगावा लागतो.

प्रयोगशाळा काय करू शकते? मांसात डुकराची भेसळ शोधायला पीसीआर ही चाचणी उत्तम आहे. डीएनएचा ठरावीक तुकडा दर फेरीत दुप्पट होतो, म्हणून ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे १०० कोटींहून अधिक तुकडे होतात. पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रती भरपूर असतात, म्हणून शक्यतो तिथलाच तुकडा निवडतात. पण ओलिक आम्ल वेगळे काढताना, त्याचे ऊर्ध्वपातन करताना डीएनए मागेच राहतो. हाती उरतो १८ कार्बनच्या साखळीचा एक रेणू, आणि तो सूर्यफुलातून आला काय नि चरबीतून आला काय, नेहमीच्या चाचणीत सारखाच दिसतो. अशा ठिकाणी उगमाचा पुरावा कागदच देतो. म्हणून कागद बदललेला नाही आणि तो खरोखर त्याच संस्थेने दिला आहे, हे दोन मुद्दे पक्के करणे भाग आहे. ते गणिताने पक्के करता येतात, आणि ते गणित इतके देखणे आहे की त्यासाठी थोडे थांबावेच.

पहिली पायरी म्हणजे हॅश. संपूर्ण प्रमाणपत्राचा मजकूर, मग तो एक पान असो की शंभर, एका सूत्रातून जातो आणि त्याचा ठरावीक लांबीचा ठसा निघतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १), लिहिल्यावर ६४ अक्षरांचा असतो. मजकुरातले एक अक्षर बदलले, ‘२०२५’चे ‘२०२६’ केले, तरी या २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटतात. ठशावरून मजकूर परत काढता येत नाही आणि तोच ठसा देणारा दुसरा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हा ठसा रोज छापला जातो. जीएसटी ई-इनव्हॉइसवरचा ६४ अक्षरांचा आयआरएन म्हणजे पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांचा एसएचए-२५६ हॅशच.

पण नुसता ठसा पुरत नाही, कारण मजकूर बदलणारा नवा ठसाही काढू शकतो. म्हणून दुसरी पायरी, सही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली आरएसए पद्धत छोट्या आकड्यांवर करून पाहू.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एक-एक वजा करून गुणा: २ × १० = २०. आता अशी जोडी शोधा जिच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरते. ३ आणि ७ चालतात, कारण २१. त्यातला ३ हा आकडा ३३ सोबत जगजाहीर करायचा आणि ७ स्वतःकडे गुप्त ठेवायचा. समजा प्रमाणपत्राचा ठसा ४ आला. प्रमाणन संस्था ४ चा सातवा घात करते: १६३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी १६. ही झाली सही. जकार्तातल्या आयातदाराकडे ७ नाही, पण ३ आहे. तो १६ चा तिसरा घात करतो: ४०९६. ३३ ने भागल्यावर बाकी ४. हातातल्या मजकुराचा ठसा तो स्वतः काढतो. तोही ४ आला तर कागद जसाच्या तसा आहे. कोणी ‘सोनेरी बेदाणा’चे ‘काळा बेदाणा’ केले आणि ठसा ९ झाला, तर सहीतून ४ निघणार, मजकुरातून ९, आणि खोटेपणा उघडा पडणार. ९ साठी नवी सही करायला ७ हवा. ७ मिळवायचा तर आधी २० हवा, आणि त्यासाठी ३३ चे मूळ अवयव पाडायला हवेत. ३३ चे कोणीही पाडेल. प्रत्यक्षात मात्र ही संख्या २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ आकडी असते आणि तिचे अवयव पाडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

जाहीर केलेला ३३ आणि ३ खरोखर त्याच संस्थेचा आहे, हे कोण सांगणार? भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल सहीसाठी परवाना मिळालेल्या प्रमाणन प्राधिकरणांनी ते सांगायचे असते. निर्यातदाराच्या यूएसबी टोकनमधले डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, तेच. आधारच्या सुरक्षित क्यूआरमध्येही अशी सही आतच भरलेली असते, म्हणून तो इंटरनेटशिवाय तपासता येतो. हलाल प्रमाणपत्राच्या क्यूआरमध्ये फक्त पत्ता न ठेवता सहीसकट मजकूर ठेवायला तांत्रिक अडचण काहीच नाही: सर्वात मोठ्या क्यूआरमध्ये २९५३ बाइट मावतात आणि २०४८ बिटांची सही २५६ बाइटांची असते.

यातही एक मर्यादा आहे. सही सांगते की कागद कोणी दिला आणि तो बदललेला नाही. तो आज चालू आहे का, हे ती सांगत नाही. मध्येच रद्द झालेल्या प्रमाणपत्रावरची सही गणिताने बरोबरच येते. म्हणून सही कागदातून तपासायची आणि चालू-रद्द स्थिती संस्थेच्या संकेतस्थळावर पाहायची, तीही पत्ता स्वतः टाइप करून.

ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकमेकींना जोडून ठेवलेल्या नोंदींच्या साखळीचा, गाजावाजा या क्षेत्रात फार आहे. ‘शेतापासून ताटापर्यंत हलाल’ अशा जाहिराती वाचल्या की जणू साखळीत नोंद झाली म्हणजे ती खरीच असणार. ब्लॉकचेन मागाहून फेरफार होऊ देत नाही, हे खरे. पण पहिल्या दिवशी कोणी ‘वनस्पतीजन्य’ असे खोटे लिहिले, तर ते खोटे तेवढ्याच पक्केपणाने जपले जाते. पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन पिंप, चलन आणि साठा-वही पाहणारा माणूस लागतोच. दुसरे टोक व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ई-क्रमांकांच्या, म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांना दिलेल्या क्रमांकांच्या, याद्यांचे. ‘ई४७१ म्हणजे डुकराची चरबी’ हे सरसकट विधान चूक आहे. ई४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड. ती पाम तेलातूनही बनतात आणि चरबीतूनही. क्रमांक रसायनाचे नाव सांगतो, उगम नाही. अशा याद्या पुढे पाठवून कोणाच्या धर्माचे रक्षण होत नाही, फक्त एखाद्या चांगल्या बेकरीचा धंदा बसतो.

व्यवहारात माल अडतो तो मात्र साध्या कारणांनी. प्रमाणपत्र कंपनीला सरसकट मिळत नाही, ठरावीक कारखाना आणि ठरावीक उत्पादनांना मिळते. परिशिष्टात सोनेरी बेदाणा आहे आणि ऑनलाइन विक्रीला काळाही लावला, की काळा बाहेर. एका देशाने मान्य केलेली संस्था दुसऱ्या देशाच्या यादीत असेलच असे नाही. भारताने मांस आणि मांसजन्य पदार्थांसाठी आय-कॅस हलाल ही योजना आणली आणि १६ ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांच्या हलाल निर्यातीला ती बंधनकारक केली, पण ती मांसापुरती आहे. आणि नेहमीची चूक: डिजिटल सही असलेली पीडीएफ छापायची, शिक्का मारायचा, स्कॅन करून पाठवायची. स्कॅन म्हणजे चित्र. त्यात सही उरत नाही. फाइल लहान करणाऱ्या मोफत संकेतस्थळांतूनही ती मोडते. मूळ फाइल जशीच्या तशी, व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. उघडल्यावर सहीजवळ पिवळे प्रश्नचिन्ह दिसले तर घाबरू नये. भारतातल्या डिजिटल सह्यांना आधार देणारे मूळ (रूट) प्रमाणपत्र त्या संगणकावर विश्वासार्ह म्हणून नोंदलेले नसेल तर तसे दिसते. लाल फुली आली तर मात्र फाइल बदललेली असू शकते, तिच्यावर विसंबू नये.

द्राक्षपट्ट्याला नोंदींची सवय नवी नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची ग्रेपनेट या ऑनलाइन नोंद प्रणालीवर प्लॉटनिहाय नोंद होते, नमुने तपासले जातात. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते. हलालच्या अर्जातही हीच जागा पाहून घ्यावी. ‘घटक’ या रकान्यात बेदाणा उत्पादक ‘द्राक्षे’ लिहितो आणि ते बरोबरच असते. डिपिंग ऑइल घटक नाही, प्रक्रियेतले द्रव्य आहे. त्याचा रकाना नसेल तर तो मागून घ्यावा आणि त्यात तेलाच्या उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, ओलिक आम्ल कोणत्या तेलातून काढले याचे त्याच्या डिजिटल सहीचे पत्र आणि ती बॅच कोणत्या तारखांना कोणत्या शेडवर वापरली, एवढे भरावे. बॅच बदलली की नवे पत्र मागवावे.