विशेष शिक्षणाकडे वळणाऱ्या शिक्षकांसाठी पर्यायी प्रमाणपत्र मार्ग (अमेरिका)

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवायचे तर त्यासाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो. विद्यापीठात विशेष शिक्षणाची पदवी घ्यायची, विनावेतन पाठ-सराव करायचा आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा, हा रुळलेला रस्ता. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे, जे आधीपासून सर्वसाधारण वर्गावर शिकवत आहेत किंवा शाळेत सहायक म्हणून काम करत आहेत, त्यांना हाच परवाना कमी वेळात मिळवता येतो, तोही बहुधा पगारावर वर्ग सांभाळता सांभाळता. अशा व्यवस्थांना पर्यायी प्रमाणपत्र मार्ग म्हणतात. परवाने देणे हे राज्यांचे काम असल्यामुळे या मार्गांची नावे, तास आणि परीक्षा राज्यागणिक बदलतात. संघराज्याचा कायदा फक्त किमान मर्यादा आखून देतो.

गरज कशी निर्माण झाली

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. देशातील दहा लाख मुले सार्वजनिक शाळेबाहेर ठेवली गेली आहेत, हे त्या कायद्याच्या मजकुरातच नोंदवलेले होते. १९९० मध्ये त्याचे नाव बदलले आणि तेव्हापासून तो ‘आयडिया’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. १९७६-७७ मध्ये या कायद्याखाली सुमारे ३७ लाख मुलांना सेवा मिळत होती. २०२२-२३ मध्ये हा आकडा सुमारे ७५ लाखांवर, म्हणजे सार्वजनिक शाळांतील साधारण १५ टक्क्यांवर पोहोचला. मुलांचा हक्क कायद्याने एका दिवसात मान्य केला, पण तो पुरा करणारी माणसे तितक्या वेगाने तयार होणे शक्य नव्हते.

ही उणीव बराच काळ आणीबाणीच्या परवान्यांनी भरून काढली जात होती. पदवी आहे, जागा रिकामी आहे, मग उभे राहा वर्गावर, असा तो मामला. १९८०च्या दशकाच्या मध्यास न्यू जर्सी आणि टेक्सस या राज्यांनी त्याऐवजी आखीव पर्यायी मार्ग सुरू केले. आणीबाणीचा परवाना आणि पर्यायी मार्ग यांची गल्लत नेहमी होते. पहिल्यात प्रशिक्षणाची अट माफ होते, तर दुसऱ्यात ती वर्गावर काम करत असताना पुरी करायची असते. पालकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

कायद्याची चौकट

२००४ मध्ये ‘आयडिया’ची फेररचना झाली, तेव्हा विशेष शिक्षक ‘उच्च पात्रताधारक’ असावा अशी अट आली. २०१५ च्या शिक्षण कायद्याने ती शब्दयोजना काढून टाकली, मात्र तळाची अट कायम राहिली. विशेष शिक्षकाकडे किमान पदवी हवी, राज्याचे पूर्ण प्रमाणपत्र किंवा परवाना हवा आणि आणीबाणीची वा तात्पुरती सूट देऊन काम भागवता येणार नाही. सनदी (चार्टर) शाळांना, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांना, त्या त्या राज्याचा सनदी शाळांचा कायदा लागू होतो.

पर्यायी मार्गावरचा शिकाऊ शिक्षक या चौकटीत बसतो तो चार अटींवर. वर्गावर जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतरही त्याला सलग, सखोल, वर्गातल्या कामाशी जोडलेले प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्याच्यावर नियमित देखरेख असली पाहिजे किंवा त्याला मार्गदर्शक शिक्षक मिळाला पाहिजे. या अवस्थेत त्याला तीन वर्षांहून अधिक राहता येत नाही. आणि पूर्ण प्रमाणपत्राच्या दिशेने त्याची समाधानकारक प्रगती दिसली पाहिजे. यांतली दुसरी अट कागदावर सर्वांत सोपी आणि प्रत्यक्षात सर्वांत नाजूक आहे. मार्गदर्शक म्हणून नेमलेला शिक्षक त्याच वेळी स्वतःचा वर्ग घेत असेल, तर देखरेख सहीपुरती उरते.

मार्गांचे प्रकार

सर्वसाधारण वर्गाचा परवाना आधीच हातात असलेल्या शिक्षकाला बहुतेक राज्यांत नवा परवाना काढावा लागत नाही. जुन्या परवान्यावर विशेष शिक्षणाची जोड घेता येते. ती मिळवण्याच्या पद्धतींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेक्ससमध्ये पूर्ण परवानाधारक शिक्षक विशेष शिक्षणाची परीक्षा उत्तीर्ण होऊन जोड मिळवू शकतो. इतर अनेक राज्ये अभ्यासक्रम आणि देखरेखीखालचा सराव मागतात. न्यू जर्सीत ही जोड एकटी पुरत नाही. जो विषय किंवा इयत्ता शिकवायची, त्याचे प्रमाणपत्रही सोबत लागते. ती अट जाचक वाटली तरी मला पटते. भागाकार कसा शिकवावा हे माहीत नसलेला माणूस तो सोपा करून कसा शिकवणार?

पगारी शिकाऊ परवाना हा दुसरा मोठा प्रकार. कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांसमोर उभे राहण्यापूर्वी किमान १२० तासांची पूर्वतयारी लागते. नंतर शाळेच्या दर वर्षी किमान १४४ तासांचे साहाय्य व देखरेख मिळणे बंधनकारक आहे. तेथील परवानाही सरसकट नसतो. सौम्य ते मध्यम आधाराची गरज असलेली मुले, व्यापक आधाराची गरज असलेली मुले, बालवयातील विशेष शिक्षण, श्रवणदोष आणि दृष्टिदोष अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. न्यूयॉर्क राज्य कमाल तीन वर्षांचे ‘ट्रान्झिशनल बी’ प्रमाणपत्र देते. २००० साली सुरू झालेली न्यूयॉर्क सिटी टीचिंग फेलोज ही योजना त्यावरच चालते आणि तिच्यातून आलेले अनेक जण विशेष शिक्षणाच्या वर्गावर जातात.

वॉशिंग्टन राज्याने चार मार्ग ठरवून दिले आहेत. दोन वर्षांची पदविका असलेले सहायक, पदवीधर शालेय कर्मचारी, बाहेरच्या व्यवसायातून आलेले पदवीधर आणि सशर्त परवान्यावर आधीच शिकवत असलेले, असे हे चार गट. यांतल्या सहायकांकडे फार कमी लक्ष दिले जाते. मूल भुकेने चिडले आहे की आवाजाने, हे ओळखणारी माणसे ती हीच. त्यांची अडचण पदवीची आणि पदवीसाठी लागणाऱ्या पैशांची असते. जानेवारी २०२२ मध्ये संघराज्याच्या कामगार खात्याने टेनेसीच्या शिक्षक-उमेदवारी (अप्रेंटिसशिप) योजनेला नोंदणीकृत उमेदवारीची मान्यता दिली. या व्यवस्थेत माणूस शाळेत कमावत कमावत पदवी आणि परवाना दोन्ही मिळवतो.

टेबलाची दुसरी बाजू

विशेष शिक्षणातील प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो. बोलण्यात त्याला ‘आयईपी’च म्हणतात. मूल पात्र ठरल्यापासून ३० दिवसांत त्याची बैठक घ्यावी लागते, वर्षातून किमान एकदा त्याचा आढावा होतो आणि साधारणपणे तीन वर्षांतून एकदा मुलाचे फेरमूल्यमापन होते. बैठकीत पालक असतात, सर्वसाधारण वर्गाचा शिक्षक असतो, विशेष शिक्षक असतो, शाळा-जिल्ह्याचा (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा) प्रतिनिधी असतो आणि चाचण्यांचे निष्कर्ष समजावून सांगणारी व्यक्तीही असते. वळून आलेला शिक्षक या टेबलाशी पूर्वीही बसलेला असतो. तेव्हा त्याच्या वाट्याला आराखड्यातले एखादे पान येई: परीक्षेला जादा वेळ द्या, पहिल्या बाकावर बसवा. आता तो आराखडा लिहिणारा तोच आहे.

लिहिणे म्हणजे काय, हे एका उद्दिष्टावरून कळते. ‘मुलाचे वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा झाली. ‘सध्या मूल तिसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा मिनिटाला ५२ शब्द बरोबर वाचते, मेअखेर तशाच उताऱ्यात मिनिटाला ९० शब्द, लागोपाठ तीन वेळा, बरोबर वाचेल’ असे लिहिले की ते मोजता येते. मग दर आठवड्याला एक मिनिटाचे वाचन घ्यायचे. मूल वाचत असताना शिक्षक आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर पेन्सिलीने तिरपी रेघ मारतो, मिनिट संपले की बरोबर शब्द मोजतो आणि आलेखावर एक ठिपका देतो. लागोपाठ चार ठिपके उद्दिष्टाच्या रेषेखाली पडले, तर शिकवण्याची पद्धत बदलायची, असा या कामातला संकेत आहे. यात अवघड तंत्र काहीच नाही. पण हे कोणी शेजारी बसून दाखवले नाही, तर पहिल्या वर्षी आलेख कोराच राहतो आणि ‘समाधानकारक प्रगती’ असा शेरा कागदावर जातो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंड्र्यू एफ. विरुद्ध डग्लस काउंटी या खटल्यात एकमताने सांगितले की, मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याला योग्य अशी प्रगती साधता यावी, या हेतूने आराखडा केलेला असला पाहिजे. नाममात्र प्रगती पुरेशी नाही. हा निकाल शिकाऊ शिक्षकाच्या वर्गातील मुलालाही तितकाच लागू आहे. माझ्या मते पर्यायी मार्ग चांगला की वाईट, हे त्याच्या लांबीवरून ठरत नाही. पहिल्या काही महिन्यांत जाणता शिक्षक किती तास वर्गात शेजारी बसला, यावरून ते ठरते.

आर्थिक साहाय्य आणि निष्कर्षांचा वाद

विशेष शिक्षण हे टंचाईचे क्षेत्र मानले जाते, म्हणून संघराज्याचे टीच अनुदान वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळू शकते. अट अशी की आठ वर्षांच्या आत चार वर्षे कमी उत्पन्न गटाच्या शाळेत शिकवायचे. ती मोडली तर अनुदानाचे कर्ज होते आणि व्याज चढते. अशाच शाळेत सलग पाच वर्षे काढणाऱ्या पात्र विशेष शिक्षकाचे १७,५०० डॉलरपर्यंतचे शैक्षणिक कर्ज माफ होऊ शकते.

संघराज्याच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पर्यायी मार्गाने आलेले आणि पारंपरिक मार्गाने आलेले शिक्षक यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक फरक आढळला नाही. समर्थक हा निष्कर्ष वारंवार पुढे करतात. तो अभ्यास प्राथमिक शाळेच्या सर्वसाधारण वर्गांचा होता. वर्गाचे सरासरी गुण पाहून आराखडा लिहिण्याचे किंवा वर्तनामागचे कारण शोधण्याचे कौशल्य मोजता येत नाही, त्यामुळे त्याचा आधार विशेष शिक्षणासाठी घेणे सयुक्तिक नाही. २०१७ मध्ये कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन या संघटनेने, शिक्षक-प्रशिक्षणावर काम करणाऱ्या सीडर केंद्रासह, विशेष शिक्षकाने आत्मसात करायच्या २२ कार्यपद्धती प्रसिद्ध केल्या. एखाद्या मार्गात यांतल्या किती गोष्टी प्रत्यक्ष करून घेतल्या जातात, हे विचारणे त्याहून उपयोगाचे.

कमी आढळणारी अपंगत्वे

दृष्टिदोष किंवा बहिरेपण असलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठी झटपट मार्ग फारसा चालत नाही. अंध मुलाच्या शिक्षकाला ब्रेल वाचता आणि लिहिता यावी लागते. अमेरिकेत ४ जानेवारी २०१६ पासून एकीकृत इंग्रजी ब्रेल लागू आहे, आणि गणितासाठी नेमेथ लिपी अजूनही वापरात आहे. हे बोटांचे आणि डोळ्यांचे काम महिनोन्‌महिने घोटावे लागते. शिकवणारी विद्यापीठेही मोजकीच आहेत. त्यामुळे ग्रामीण भागात अनेक शाळा-जिल्हे मिळून एकच फिरता शिक्षक ठेवतात, आणि तो आठवड्याच्या ठरल्या दिवशी ब्रेल टंकयंत्र व पुस्तके गाडीत घालून एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जात असतो.