बक्षीसपत्राने दिलेले राहते घर परत मिळवण्याचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

जोडीदार गेलेला, मुले परगावी किंवा परदेशी, आणि ज्या घरात एकटे राहायचे ते घर मात्र काही वर्षांपूर्वीच ‘मागे कटकट नको’ म्हणून मुलाच्या नावावर करून दिलेले, अशा स्थितीतल्या ज्येष्ठांसाठी ही माहिती आहे. महाराष्ट्रात राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते (स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा), त्यामुळे सही करण्याचा निर्णय फार चटकन होतो. पुढे घर विकायचा विषय निघतो, औषधपाण्याचे पैसे थांबतात किंवा ‘आता वृद्धाश्रमच बघू’ अशी भाषा सुरू होते, तेव्हा हाती उरतो तो आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या अधिनियमाच्या कलम 23 चा उपाय.

हे कलम सांगते की, ज्येष्ठ नागरिकाने, म्हणजे वयाची 60 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने, कायदा लागू झाल्यानंतर बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे मालमत्ता दिली असेल, घेणाऱ्याने मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी त्यात अट असेल आणि ती त्याने पाळली नसेल, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. ‘अन्य प्रकारे’ या शब्दांमुळे वडिलांच्या पश्चात आईकडून लिहून घेतलेले हक्कसोडपत्रही यात येऊ शकते. महाराष्ट्रात हा कायदा 2009 मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधीचे दस्त या कलमात बसत नाहीत.

बहुतेक अर्ज फेटाळले जातात ते अटीच्या मुद्द्यावर. बाजारातल्या तयार मसुद्यात ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला व कोणतीही अट न ठेवता’ असे वाक्य छापल्यासारखे येते, आणि सही करणाऱ्याने ते वाचलेले नसते, कारण दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदणीच्या, कार्यालयात अंगठा, फोटो आणि सही हे सारे घाईघाईतच उरकले जाते. सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात 2022 मध्ये स्पष्ट केले की, मुलगा सांभाळत नाही एवढे म्हणणे पुरेसे नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती हे अर्जात मांडून सिद्ध करावे लागते. जानेवारी 2025 मधल्या उर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगून आईला घराचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. तिथे मुलाने आयुष्यभर सांभाळण्याचे वेगळे वचनपत्र लिहून दिलेले होते. म्हणून दस्तात अट नसेल तर त्याच सुमारास लिहिलेले दुसरे काही शोधावे: नोटरीकडचे हमीपत्र, कौटुंबिक समझोता, मुलाचे पत्र किंवा फोनवरचे लेखी संदेशसुद्धा. अशी कागदपत्रे जोडली म्हणजे काम झालेच असे नाही, पण ती नसतील तर अर्ज फारच लंगडा पडतो.

दुसरी अडचण खुद्द दस्ताची. मूळ बक्षीसपत्र बहुधा मुलाच्या कपाटात असते, म्हणून अर्जदार सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्याची) प्रत काढून जोडतात आणि पहिल्याच तारखेला परत पाठवले जातात. सूची क्रमांक दोनमध्ये पक्षकार, मिळकतीचे वर्णन आणि मूल्य असते. दस्ताचा संपूर्ण मजकूर, म्हणजे ज्यावर सारे अवलंबून आहे तोच भाग, तिथे नसतो. सूचीवरचा दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचे नाव टिपून घ्यावे आणि त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून दस्ताची प्रमाणित प्रत मागावी. स्थावर मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्ताची प्रत कोणालाही मागता येते. त्यासाठी मुलाची संमती लागत नाही. खिडकीवरून ‘मालकाला घेऊन या’ असे सांगितले गेले, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

तिसरा घोळ दोन मागण्या एकत्र केल्याने होतो. याच कायद्याखाली मुलांकडून दरमहा निर्वाह भत्ताही मागता येतो, पण त्यासाठी स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून निर्वाह होत नाही हे दाखवावे लागते. कलम 23 मध्ये ती अट लिहिलेलीच नाही. पेन्शन आहे म्हणून घराचा अर्ज चालणार नाही, असे कोणी तोंडी सांगितले तर ऐकून परत फिरू नये. अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात. घर विकण्याच्या हालचाली दिसत असतील तर विक्रीस मनाई मिळावी अशी मागणीही त्याच अर्जात करावी.

बाकीचे काम साधे आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्या कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. सोबत वयाचा व पत्त्याचा पुरावा, दस्ताची प्रमाणित प्रत, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत असल्यास ती, आणि औषधोपचाराची व वीजबिलाची कागदपत्रे जोडावीत. कलम 17 मध्ये वकिलाला मज्जाव असल्याने अर्ज स्वतःला तोंडी सांगता येईल एवढ्या सोप्या भाषेत असावा. स्वतः जाणे शक्य नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला लेखी अधिकार देऊन अर्ज करता येतो.

‘नव्वद दिवसांत निकाल’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण ते अर्धवट. ही मुदत निर्वाह भत्त्याच्या अर्जासाठी आहे आणि ती अर्ज दिल्यापासून नव्हे, तर समोरच्याला नोटीस पोहोचल्यापासून मोजली जाते. शिवाय ती एकदा 30 दिवसांनी वाढवता येते. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि मुदत सुरूच होत नाही. मुलगा परदेशात असेल तर नोटीस केंद्र सरकारने ठरवलेल्या यंत्रणेमार्फत बजावावी लागते, त्यामुळे त्याचा तिथला सध्याचा पूर्ण पत्ता द्यावा.

त्याच घरात सून राहत असेल तर नुसत्या ज्येष्ठांच्या कायद्यावर विसंबू नये. एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे की, घर रिकामे करून घेण्याचा आदेश देता येतो, पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही.

निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत अपील करता येते. भत्त्याचा आदेश मिळाला आणि पैसे आले नाहीत, तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणून वाट पाहणाऱ्या आयांचे त्यापूर्वीचे हप्ते वॉरंट काढून वसूल होत नाहीत, आणि हे त्यांना आदेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही.

प्रकरण चालू असताना अर्जदार त्याच घरात एकटा असतो, म्हणून अर्जाची पोच मिळाल्याच्या दिवशीच जवळच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत नाव नोंदवावे. राज्याच्या 2010 च्या नियमांनुसार ही यादी अद्ययावत ठेवणे आणि महिन्यातून किमान एकदा भेट देणे हे ठाण्याचे काम आहे. भेट होत नसेल तर ठाण्यात लेखी कळवून त्याची प्रत प्रकरणात लावावी. तोवर 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.