पार्श्वभूमी : ‘शाही स्नान’ ते ‘अमृत स्नान’

नाशिकच्या आगामी सिंहस्थाचे वेळापत्रक जून २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या तारखांपुढे ‘अमृत स्नान’ असे लिहिले होते. २०१५ च्या सिंहस्थापर्यंत याच स्नानाला ‘शाही स्नान’ म्हटले जाई.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा आणि ‘शाही’ म्हणजे राजाचे किंवा राजाला साजेसे. दख्खनच्या सुलतानांबरोबर हा शब्द मराठीत आला आणि निजामशाही, आदिलशाही अशा नावांतून राज्यपद्धती दाखवणारा प्रत्यय म्हणून इतका रुजला की शिवशाही, नोकरशाही, हुकूमशाही आणि लोकशाही हे शब्द त्याच्यावाचून घडलेच नसते. हिंदी जिथे ‘लोकतंत्र’ म्हणते, तिथे मराठी आजही ‘लोकशाही’च म्हणते.

स्नानापुढचा ‘शाही’ मात्र विशेषण आहे आणि त्याचा रोख मानावर आहे. छत्र, चामर, निशाण, नगारे यांसह मिरवत येऊन ठरलेल्या क्रमाने आधी स्नान करण्याचा आखाड्यांचा, म्हणजे साधूंच्या संघटनांचा, हक्क त्यातून व्यक्त होतो. हा मान किती जिव्हाळ्याचा होता, हे नाशिकला वेगळे सांगायला नको. अठराव्या शतकात त्यावरूनच शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्तपात झाला आणि पेशव्यांच्या निवाड्याने वैष्णव रामकुंडावर तर शैव त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, अशी विभागणी झाली, असे परंपरा सांगते.

२०२४ मध्ये उत्तरेत ‘शाही’ आणि ‘पेशवाई’ हे शब्द गुलामीच्या काळातले असल्याचा आक्षेप पुढे आला आणि २०२५ च्या प्रयागराज कुंभात ‘अमृत स्नान’ व ‘छावणी प्रवेश’ हे पर्याय रूढ करण्यात आले. यातला ‘पेशवाई’ शब्द मराठी वाचकाला हमखास बुचकळ्यात टाकतो. आपल्याकडे पेशवाई म्हणजे पुण्याच्या पेशव्यांची राजवट. आखाड्यांची पेशवाई म्हणजे मेळ्यात वाजतगाजत होणारा प्रवेश. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे. पुढे चालणारा तो पेशवा आणि पाहुण्याला सामोरे जाणे ती पेशवाई, असे हे दोन अर्थ एकाच मुळातून वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. पर्यायी शब्दांचा आग्रहही मराठीला नवा नाही. शिवकाळात राजव्यवहारातील फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश झाला आणि पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ म्हटले गेले. पुढे पहिल्या बाजीरावांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ हीच अक्षरे होती. लोकांच्या तोंडी मात्र पेशवे हेच नाव राहिले.

परकीय राजवटीची खूण धर्मकार्यात नको, ही नामांतराच्या समर्थकांची भावना प्रामाणिक आहे आणि समुद्रमंथनातील अमृतकुंभाची कथा तिला आधार देते. तरीही अमृताचा संबंध तिथीच्या पुण्याईशी, म्हणजे त्या दिवशी गोदावरीत बुडी मारणाऱ्या प्रत्येक भाविकाशी येतो. आखाड्यांचा क्रम आणि मान त्यातून कळत नाही. नाशिककरांनी हा भेद पूर्वीपासून नीट पाळला होता. तिथीला ते ‘पर्वणी’ म्हणत, पहिली, दुसरी, तिसरी. आणि त्या पर्वणीला आखाड्यांचे होई ते शाही स्नान. ‘पर्वणी’ हा संस्कृतातून आलेला, घराघरांत रुळलेला शब्द हाताशी असताना नव्या नावाच्या चर्चेत त्याचा विचार व्हायला हवा होता.

हा भेद निव्वळ भाषेचा नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. साधूंची मिरवणूक जाईपर्यंत थोपवून धरलेली गर्दी त्या उतारावर दाटली होती. त्यानंतर २०१५ मध्ये तपोवनातून निघणाऱ्या मिरवणुकीसाठी वेगळा मार्ग आखला गेला आणि आखाड्यांची वेळ व भाविकांची वेळ स्वतंत्र ठेवण्यावर बंदोबस्ताचा सगळा भर राहिला. त्या मार्गाला पंचवटीत ‘शाही मार्ग’ असेच म्हणतात.