तिसरा उमेदवार (विधानसभा निवडणूक, कोल्हापूर जिल्हा)

तिसरा उमेदवार : विधानसभेच्या एखाद्या मतदारसंघात दोन मुख्य आघाड्यांच्या अधिकृत उमेदवारांखेरीज ताकदीने उतरलेला उमेदवार. तो अपक्ष असतो, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाचा असतो किंवा तिकीट न मिळाल्याने उभा राहिलेला बंडखोर असतो. कायद्यात ‘तिसरा’ असा वर्ग नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 फक्त मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार आणि बाकीचे एवढाच भेद करतो. हा भेद सूचकांच्या (अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या) संख्येपासून मतदान यंत्रावरच्या जागेपर्यंत पाठ सोडत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले (अनुसूचित जाती), इचलकरंजी आणि शिरोळ. इथे पक्षापेक्षा गट मोठा, असे म्हणण्याची रीत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शहरात तालमी आणि मंडळे हे गटाचे कणे. म्हणून राज्यात इतरत्र अनामत गमावणारा तिसरा उमेदवार या जिल्ह्यात अनेकदा निवडून आलेला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील 1985 मध्ये कोल्हापुरातून विधानसभेत गेले. ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी 2004 मध्ये शिरोळमधून अपक्ष निवडून आले. विनय कोरे यांनी 2004 मध्ये जनसुराज्य शक्ती पक्ष काढला तो वारणेच्या सहकाराच्या बळावर. 2024 मध्ये या पक्षाने शाहूवाडी आणि हातकणंगले या दोन जागा जिंकल्या, पण त्या महायुतीत राहून. 2019 मध्ये इचलकरंजीत प्रकाश आवाडे आणि शिरोळमध्ये राजेंद्र पाटील-यड्रावकर अपक्ष म्हणून विजयी झाले. यड्रावकरांनी 2024 ची निवडणूक राजर्षी शाहू विकास आघाडीकडून, महायुतीच्या पाठिंब्याने जिंकली. त्याच वर्षी राज्यभरातून जे दोन अपक्ष निवडून आले, त्यांतले एक चंदगडचे शिवाजी पाटील. 2019 मध्ये ते अपक्ष म्हणूनच थोडक्यात हरले होते, म्हणजे त्यांचा पाया पाच वर्षे आधी घातलेला होता. या सगळ्यांच्या मागे कारखाना, चळवळ किंवा आधीची लढत होती. निव्वळ नाराजीच्या लाटेवर इथे कुणी निवडून आल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

अर्ज : वय 25 पूर्ण हवे आणि नाव राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत हवे. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी द्यावी लागते. अर्ज नमुना 2 ब मध्ये, सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळात, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे भरतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तिसऱ्या उमेदवाराला दहा लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. कोल्हापुरात पहिली ठेच इथेच लागते. शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग आहेत आणि करवीर तालुक्याची गावे करवीर व दक्षिण या मतदारसंघांत विभागलेली आहेत. एकाच तालमीत बसणारे दहाजण दोन मतदारसंघांचे निघू शकतात. एक सूचक जरी बाहेरचा ठरला तरी उरतात नऊ आणि अर्ज बाद होतो. म्हणून प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून पडताळावा, ओळखपत्रावरून नव्हे. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. जाणते लोक निदान दोन भरतात आणि दोन्हींवर वेगवेगळे सूचक घेतात. अंगठा करणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो.

अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी 5,000. ती रोख भरावी किंवा कोषागारातल्या भरण्याचे चलन जोडावे. धनादेश चालत नाही. अर्ज चार असले तरी अनामत एकदाच. नमुना 26 चे शपथपत्र नोटरीसमोर केलेले असावे आणि त्यातला एकही रकाना कोरा राहू नये. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. कोऱ्या रकान्याबद्दल अधिकारी आधी नोटीस देतो. तरीही तो भरला नाही तर अर्ज जातो. किरकोळ चुकीवरून मात्र अर्ज फेटाळता येत नाही, हे छाननीच्या टेबलावर ठामपणे सांगणारा वकील सोबत असावा. अर्ज दिल्यावर घ्यायची राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उरकावी लागते. गडबडीत ती राहून गेली तर बाकीचे सारे कागद बरोबर असून उपयोग नाही.

चिन्ह : अपक्ष मुक्त चिन्हांच्या (कोणत्याही मान्यताप्राप्त पक्षासाठी न राखलेल्या) यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हे अर्जातच लिहितो. वाटप माघारीची मुदत संपल्यावर होते. एकाच चिन्हावर दोघांचा दावा आला तर नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला अपक्षाच्या आधी मान मिळतो. पक्षाचा उमेदवार असल्यास ए आणि बी फॉर्म (तोच अधिकृत उमेदवार असल्याची पक्षाची पत्रे) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत पोहोचावे लागतात आणि त्यांवर शाईची मूळ सही लागते. मतदान माघारीनंतर किमान चौदाव्या दिवशी ठेवता येते आणि मतदान संपण्याच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबतो. 2024 मध्ये माघार 4 नोव्हेंबरला, मतदान 20 नोव्हेंबरला होते. म्हणजे चिन्ह घरोघरी पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. त्यातून राधानगरी-चंदगडचे डोंगरी वाड्या आणि वस्त्या गाठायच्या. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष वर, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष असा क्रम असतो. प्रत्येक गटात बाराखडीप्रमाणे नावे लागतात आणि तळाला ‘नोटा’. त्यामुळे प्रचारात नावाइतकाच अनुक्रमांकही घोकून घ्यावा लागतो. सारख्या नावाचा दुसरा उमेदवार उभा करणे ही जुनी खेळी आहे. 2015 पासून यंत्रावर छायाचित्र येते म्हणून तिची धार कमी झाली, संपली नाही.

माघार : दुपारी 3 पर्यंतचा हा दिवस सगळ्यांत ताणाचा. जोडण्या लागतात, शब्द दिले जातात, फोन बंद होतात. दिलेली माघार परत घेता येत नाही. 2024 मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष राहिले. मधुरिमाराजेंनी शेवटच्या क्षणी अर्ज मागे घेतला आणि काँग्रेसला ‘हाता’विना अपक्षामागे उभे राहावे लागले. जागा शिवसेनेचे राजेश क्षीरसागर यांनी जिंकली. मोठ्या पक्षाची यंत्रणा पाठीशी येऊनही अनोळखी चिन्ह दोन आठवड्यांत रुजवणे किती जड जाते, हे या लढतीत दिसले.

खर्च : मर्यादा 40 लाख रुपये. अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडावे लागते आणि एका व्यक्तीला 10,000 रुपयांवर रोख देता येत नाही. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, जीप यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवते आणि हिशेब त्याच दराने धरला जातो, भले मांडववाल्याने फुकट दिले असो. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव नसणे हा गुन्हा आहे. प्रचारकाळात तीनदा नोंदवही तपासणीला न्यावी लागते आणि निकालापासून 30 दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. हरलेले अनेकजण इथे कंटाळा करतात. पण हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पुढच्या वेळची तयारी असणाऱ्याने हा कागद कधीच टाळू नये.

बूथ : एका मतदारसंघात सरासरीने तीनशेच्या वर मतदान केंद्रे. केंद्रामागे प्रतिनिधी आणि बदली माणूस धरला तर सहाशेवर विश्वासू लोक हवेत. मतदानाच्या 90 मिनिटे आधी होणाऱ्या चाचणी मतदानाला हजर राहणे आणि संध्याकाळी नमुना 17 क ची (केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत घेऊनच उठणे हे त्यांचे काम. सभेला दसरा चौक भरलेला आणि बूथवर खुर्ची रिकामी, ही तिसऱ्या उमेदवाराची नेहमीची दुखरी जागा. सहकारी संस्थेत गावोगाव सचिव असलेला गट इथे पुढे जातो. त्यांना मतदार नावानिशी माहीत असतात.

अनामत परत मिळण्यासाठी एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते लागतात. 2,40,000 वैध मते असतील तर 40,000 मतांवर अनामत जप्त होते, 40,001 वर वाचते. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरत नाहीत. निवडून आलेल्या अपक्षाला सरकारला पाठिंबा देता येतो, मंत्रीही होता येते. मात्र एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) त्याची आमदारकी जाते.