'स्कोपसचा इम्पॅक्ट फॅक्टर' असा काही नसतो

गेल्या आठवड्यात खानापूरकडची एक पीएचडी करणारी मुलगी ग्रंथालयात माझ्या टेबलाशी आली. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पतींवर तिचं काम चाललंय. मोबाईल पुढे धरून म्हणाली, "मॅडम, ही दोन जर्नलं बघा की. एकाचा इम्पॅक्ट फॅक्टर ३.१ आहे, दुसऱ्याचा ४.६. दुसऱ्याला पाठवू काय?"

बघितलं. ३.१ हा इम्पॅक्ट फॅक्टरच होता. ४.६ हा साइटस्कोअर होता. जर्नलमधल्या लेखांचा हवाला इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात (त्यालाच साइटेशन म्हणतात), ते दोन्ही आकडे सांगतात, पण काढायच्या रीती वेगळ्या. तिच्या गाइडनीच त्याला 'स्कोपस इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून तिला पाठवलं होतं.

हा शब्द मी बायोडेटात वाचते, सेमिनारच्या स्लाइडवर बघते, मुलाखतीला बसलेल्या तज्ज्ञांच्या तोंडून ऐकते. स्कोपस म्हणजे एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीचा जर्नलांचा आणि साइटेशन्सचा माहितीसाठा. त्याला इम्पॅक्ट फॅक्टर नाही. कधीच नव्हता. बोलण्यातली चूक म्हणून सोडूनही दिलं असतं, पण या एका शब्दापायी पोरांचे पेपर चुकीच्या ठिकाणी जातात आणि सहा-सहा महिने अडकून पडतात.

आधी इम्पॅक्ट फॅक्टर, थोडक्यात. कल्पना अमेरिकेतले माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांची, १९५५ सालची. आज तो क्लॅरिव्हेट कंपनी वेब ऑफ सायन्स या आपल्या माहितीसाठ्याच्या आधारे काढते आणि दर जूनमध्ये 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्ये छापते. २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात मिळालेली साइटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. अध्यापकांच्या नेमणुकीसाठीच्या युजीसीच्या २०१८च्या नियमावलीत पेपरांना जादा गुण आहेत ते याच आकड्याला: १ च्या खाली १०, १ ते २ ला १५, असं करत १० च्या वर ३०. तिथे 'थॉमसन रॉयटर्सची यादी' असं लिहिलंय, पण ते कामकाज २०१६ मध्येच विकलं गेलं आणि आज क्लॅरिव्हेटकडे आहे.

साइटस्कोअर एल्सेव्हियरचा, डिसेंबर २०१६ पासूनचा, स्कोपसच्या आधारे काढलेला. एकाला दोन वर्षं, दुसऱ्याला चार, एवढा फरक सगळे पाठ म्हणून दाखवतात. त्यात फार अडकू नका. चार वर्षांत आकडा जरा स्थिर राहतो, इतकंच. दोन वर्षांत काय होऊ शकतं ते स्फटिकशास्त्रातल्या 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'ने दाखवलं. २००८ मध्ये त्यात एका सॉफ्टवेअरवरचा लेख आला, जगभरातल्या लोकांनी तो साइट केला आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ वरून थेट ४९.९ वर गेला. २०११ मध्ये परत २ वर. बाकीच्या लेखांचा दर्जा मधल्या काळात तसूभरही बदलला नव्हता.

खरी मेख आहे अंश आणि छेदात.

निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांना हे लगेच कळेल. अलीकडच्या कारखान्याचा दर आणि पलीकडच्या कारखान्याचा दर नुसता ऐकून कुणी ऊस घालत नाही. आधी विचारतात, हा तोडणी-वाहतूक धरून की वजा करून? दोन्हीकडे 'टनाला इतके'च म्हणतात, पण त्या 'इतके'त काय धरलंय ते वेगळं असतं. शेतात हा प्रश्न विचारणारी माणसं जर्नल निवडताना मात्र तो विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या छेदात फक्त संशोधन लेख आणि आढावा लेख मोजतात. अंशात मात्र त्या जर्नलच्या कुठल्याही मजकुराला मिळालेलं साइटेशन येतं. संपादकीयाला मिळालेलं, वाचकपत्राला मिळालेलं, सगळं. म्हणजे संपादकीयं आणि पत्रं भरपूर छापणाऱ्या जर्नलची साइटेशन्स वर जमा होतात, पण तो मजकूर खाली मोजलाच जात नाही.

साइटस्कोअरने सुरुवातीला छेदात सरसकट सगळं मोजलं. परिणाम बघा: 'लॅन्सेट'चा २०१५चा इम्पॅक्ट फॅक्टर ४४, आणि त्याच वर्षाचा साइटस्कोअर ७.७. जर्नल तेच. मुख्यतः छेद फुगला. त्यावर टीका झाली आणि २०२० मध्ये रीत बदलली. आता संशोधन लेख, आढावा, परिषदेतले पेपर, पुस्तकातली प्रकरणं आणि डेटा पेपर हेच वर आणि हेच खाली. शिवाय चार वर्षांतल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेली सगळी साइटेशन्स धरतात.

एक मनातलं जर्नल घ्या. दरवर्षी ५० लेख. २०२२-२३ च्या १०० लेखांना आणि आसपासच्या संपादकीयांना मिळून २०२४ मध्ये २०० साइटेशन्स मिळाली: इम्पॅक्ट फॅक्टर २.०. आता २०२१ ते २०२४ असे चार वर्षांचे २०० लेख धरा. त्यांना त्या चार वर्षांत ७०० साइटेशन्स मिळाली: साइटस्कोअर ३.५. एकाच जर्नलचे हे दोन आकडे. म्हणून एका जर्नलचा हा आणि दुसऱ्याचा तो घेऊन तुलना करायची नाही. इम्पॅक्ट फॅक्टरशेजारी इम्पॅक्ट फॅक्टर, साइटस्कोअरशेजारी साइटस्कोअर.

आणि तेही एकाच विषयात. कर्करोगावरच्या एका जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनशेच्या वर जातो, गणितातली नावाजलेली जर्नलं एक आकडीच राहतात. त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा विषयातलं पर्सेंटाइल बघा, म्हणजे त्या विषयातल्या शंभरातल्या किती जर्नलांच्या वर हे जर्नल आहे ते. जर्नल दोन विषयांत मोडत असेल तर पर्सेंटाइलही दोन असतात, आपल्या विषयाचं घ्या.

पहिल्या चाळणीला मी साइटस्कोअरचं पर्सेंटाइलच वापरते. कारण साधं आहे: स्कोपसची जर्नलांची यादी खातं न उघडता, पैसे न भरता कुणालाही बघता येते. जर्नल सायटेशन रिपोर्ट्सला वर्गणी लागते आणि तालुक्याच्या कॉलेजला ती कुठून परवडणार? एल्सेव्हियर स्वतःच जर्नलं काढतं आणि स्वतःच मोजतं, हे मलाही खटकतं. पण ज्याची पडताळणी बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या खोलीत बसून करता येते तो आकडा मला जवळचा वाटतो. फॉर्मात मात्र इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात इम्पॅक्ट फॅक्टरच लिहा. नसेल तर रकाना रिकामा सोडा.

'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं लावलेले इम्पॅक्ट फॅक्टर या चर्चेत येतच नाहीत. कुणी काढला आणि कुठल्या वर्षाचा, ही दोन उत्तरं जर्नलच्या पानावर नसतील तर पान बंद करा. २०२५च्या फेब्रुवारीत युजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली, तेव्हा ही तपासणी आता आपल्यालाच करायची आहे.

त्या मुलीला शेजारी बसवलं आणि दोन्ही जर्नलं स्कोपसच्या यादीत काढायला लावली. ३.१ वाल्याचा साइटस्कोअर निघाला ५.९. ४.६ पेक्षा वर, आणि वनस्पतिशास्त्रातलं पर्सेंटाइलही वरचं. ती जरा वेळ गप्प बसली. मग दोन्हींचे ताजे अंक उघडले. दुसऱ्यात प्रयोगशाळेतल्या अर्कांवरचेच लेख होते. पहिल्यात गावोगाव फिरून वैदूंकडून माहिती गोळा केलेले, तिच्यासारखेच तीन अभ्यास होते.

"मग गाइड सरांना काय सांगू?" तिनं विचारलं. दोन्ही साइटस्कोअर आणि पर्सेंटाइलं एका कागदावर लिहून, वर वर्ष घालून दिली. तो कागद आणि पहिल्या जर्नलचे लेखकांसाठीचे नियम घेऊन ती खानापूरच्या गाडीला गेली.