डब्यातला कापराचा वास

गेल्या एप्रिलात, भर दुपारी, मडगावचा एक ओळखीचा मुलगा म्हापशाला माझ्या घरी आला. खांद्यावर बेस गिटार, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गिटार त्याच्या आजोबांची. आजोबा तारवटी होते; सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरात त्यांनी ती जुनीच विकत घेतली आणि बोटीवरून घरी आणली. नातू आता लग्नाच्या बँडमध्ये ती वाजवतो. मध्यंतरी तिचा एक पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, बंद पडला. दुरुस्तीला दिली, तर दुरुस्ती करणाऱ्याने दोन्ही पिकअप, बटणांखालचे तिन्ही पॉट, सगळे वायरिंग आणि वरची कासवाच्या पाठीसारखी दिसणारी संरक्षक पट्टी, म्हणजे पिकगार्ड, सारेच नवे घातले. काढलेले सामान डब्यात घालून परत दिले, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

“काका, वाजते छानच. मग नेटवर लोक असल्या जुन्या सामानाला एवढे पैसे का मोजतात? आणि हे मी टाकून देऊ का?”

मी डबा उघडला. पहिल्यांदा आला तो वास. देवघरातल्या कापराचा, पण शिळा, किंचित आंबूस.

तो वास पिकगार्डचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही गिटार बनवणारी अमेरिकेतली फेंडर कंपनी ही कासवछाप पट्टी सेल्युलॉइडची बनवत असे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. कापरामुळे ते लवचीक राहते. कापूर जसा ताटलीत उघडा ठेवला की उडून जातो, तसाच तो या पट्टीतूनही उडत राहतो, फक्त दशकानुदशके. पट्टी आक्रसते, स्क्रूच्या भोकांपाशी तडकते. शिवाय नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते, आणि दमट हवेत त्यांचे आम्ल होते. गोव्याच्या हवेत, बंद डब्यात, लोखंड आणि तांब्याच्या शेजारी ही पट्टी ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण. मी ती सर्वांत आधी बाहेर काढून वेगळ्या कागदात गुंडाळली. नव्या पट्टीला हा वास येत नाही. ती साध्या प्लास्टिकची आहे आणि वर्षानुवर्षे तशीच सपाट राहील. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तीच सरस.

मग पॉट घेतले. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो भाग फिरतो तो पॉट. त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले होते: ३०४६४०९. पहिले तीन अंक उत्पादकाचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६४ सालच्या नवव्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या अखेरीस तयार झाला. गिटार त्याआधीची असणे शक्य नाही. नंतरची मात्र असू शकते, आणि इथे भलेभले फसतात. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. पुढच्या वर्षी पॉटचा एवढा मोठा साठा घेतला गेला की १९६६ चा शिक्का असलेले पॉट नंतरची दोन-तीन वर्षे गिटारींत बसत राहिले. म्हणून मी गिटारीची मान खोलून तिच्या बुडाशी मारलेला शिक्काही पाहिला. महिना आणि साल जुळले: १९६४ चा वसंत. सीबीएसपूर्व काळातली जॅझ बेस (हे फेंडरच्या एका बेस गिटारीचे नाव), म्हणजे संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ती.

पण या पॉटांवरचा डाख वितळवलेला होता. कारखान्यात एकदा लावलेला आणि साठ वर्षे कुणी न हलवलेला डाख हा सीलबंद पाकिटासारखा असतो: आत ढवळाढवळ झाली नाही, हे तो सांगतो. एकदा तापवला की ती साक्ष कायमची गेली. नंतर कितीही कौशल्याने, अगदी त्याच जातीचा कथील-शिसे मिश्रधातू घेऊन जोडले तरी ती परत येत नाही. मला त्या दुपारी सगळ्यात जास्त वाईट याचेच वाटले.

आता पिकअप. यात किंमत आणि आवाज यांची सर्वांत जास्त गल्लत होते. पिकअप म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे, अल्निकोचे, उभे चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकासमोर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. लोक म्हणतात, चुंबक म्हातारे झाले की आवाज मधाळ होतो. अल्निकोची चुंबकता नुसत्या वयाने फारशी उतरत नाही. दुसरे जोरदार चुंबक जवळ आले तर मात्र उतरते. खरे म्हातारपण येते ते तारेला. त्या काळी तार थेट चुंबकांवरच गुंडाळत. अल्निकोत लोखंड असल्याने चुंबकावर गंज धरतो, तो तारेवरचे पातळ आवरण खातो आणि कुठेतरी तार तुटते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. मी मल्टिमीटर लावला: एक पिकअप ७.८ किलो-ओहम, दुसऱ्यात काहीच वाचन नाही. तुटलेला.

त्या ७.८ वरही मुलगा हरखला, कारण जास्त ओहम म्हणजे जास्त वेढे असे त्याने वाचले होते. पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. थंड देशातल्या २० अंशांच्या खोलीत ७.४ दाखवणारा पिकअप म्हापशात ३३ अंशांच्या दुपारी ७.८ दाखवतो. वेढे तेवढेच, उकाडा आपला.

आवाजाचा खरा हिशेब वेगळाच आहे. वेढ्यांच्या प्रेरकतेची (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याच्या गुणाची) अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलच्या धारकतेशी (वीज साठवण्याच्या गुणाशी) जोडी जमते आणि एका ठरावीक वारंवारतेला आवाज उचलला जातो. पिकअपची प्रेरकता समजा ४ हेन्री आहे. तीन मीटर केबलची धारकता साधारण ३०० पिकोफॅरड. तेव्हा हा उठाव सुमारे ४,६०० हर्ट्झला येतो. सात मीटर केबल लावली की ७०० पिकोफॅरड होतात आणि तोच उठाव ३,००० हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, आवाज गोल होतो. म्हणजे ज्या मऊपणासाठी लोक साठ वर्षांपूर्वीचे चुंबक शोधतात, त्यातला बराचसा लांब केबलमधून मिळतो. त्यात जुन्या पॉटांत वीस टक्के कमी-जास्त चालत असे: २५० म्हणून विकलेला पॉट २०० किंवा ३०० किलो-ओहमचाही निघे. एकाच आठवड्यात बनलेल्या दोन अस्सल गिटारीसुद्धा आपापसांत सारख्या नसत. मग प्रतिकृतीने नेमकी कोणाची नक्कल करायची?

व्हायोलिनच्या जगात हा प्रश्न रीतसर तपासला गेला आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ अनुभवी वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन. कोणते जुने हे वादकांना ओळखता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका नावाजलेल्या जुन्या स्ट्रॅडिव्हेरियसला. बेसच्या बाबतीत अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सनचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसचा आवाज जगाने डोक्यावर घेतला. त्या गिटारीच्या तारा तो बदलतच नसे, आणि तर्जनी एकच चालवत असे. तो आवाज तारांचा आणि बोटाचा होता.

आपल्याकडे पेटीवाल्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. भजनी मंडळात जर्मन सुरांची पेटी आली की लोक कान देतात, आणि ते रास्त आहे, कारण पेटीत पितळी सूर स्वतःच गातो. त्याची घडण बदलली की आवाज बदलतो. बेसमध्ये मात्र खुंटीवरचे झाकण किंवा बटण गात नाही. तरी त्याचेही पैसे पडतात, कारण मूळ भागाची किंमत ही साक्षीची किंमत आहे. त्या डब्यातला प्रत्येक तुकडा म्हणतो की ही गिटार अमुक साली बनली आणि तिच्यात कुणी लबाडी केली नाही. रंग नव्याने चढवला की भाव निम्म्यावर येतो, असा संग्राहकांचा ठोकताळा आहे. आवाजात तेवढा फरक कुणालाच ऐकू येणार नाही.

साक्ष महाग असली की खोटे साक्षीदारही येतात. नवे सुटे भाग आम्लाच्या वाफेवर धरून गंजवतात. पण खरा गंज हाताला ओळखतो: तळव्याचा घाम जिथे टेकतो तिथे जास्त, आडोशाला कमी. आम्लाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो. जंबुपार दिव्याखाली जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर एका तऱ्हेने चमकते, डागडुजीचा भाग वेगळा उठून दिसतो. प्रतिकृती बनवणे वाईट मुळीच नाही. १९८२ पासून खुद्द फेंडरच आपल्या जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती काढते. वाईट आहे ते प्रतिकृतीला अस्सल म्हणून खपवणे, कारण त्याने एका वस्तूचा इतिहासच खोटा होतो.

मानेवरच्या, बोटे टेकवायच्या बोटपट्टीकडे पाहताना मला आपले रान आठवले. त्या काळच्या फेंडरची बोटपट्टी ब्राझिलियन रोझवुडची. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला सायटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराने जवळपास कुलूप लावले. ही मान सीमेपलीकडे पाठवायची तर कागदपत्रे लागतात. त्याच्या जागी पुढे जे लाकूड आले ते भारतीय रोझवुड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसवी. ती दुय्यम आहे असे मी कधीच मानणार नाही.

मुलाला मी सांगितले, “नवे पिकअप राहू देत. पावसात, मांडवात, घामात तेच वाजव. तुटलेल्यावर नवी तार गुंडाळून घेऊ नकोस, आहे तसाच ठेव.” आम्ही दोघांनी बसून प्रत्येक भागाचा फोटो काढला, पॉटवरचे आकडे वहीत उतरवले, धातूचे सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगवेगळ्या पिशव्यांत घातले. पिकगार्डचे पाकीट त्याने उघडेच ठेवले, हवा लागावी म्हणून. निघताना त्याने ते नाकाशी धरले आणि म्हणाला, “आजोबांच्या कपाटाला हाच वास यायचा.”